औषधखोलीचं दार

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की बायका स्वयंपाकघरात डोकावतात. धुरपदा जोत्याकडे बघायची. चपला काढायच्या निमित्तानं वाकायची, भिंतीला हात टेकवायची, दगडाच्या कडेवरून बोट फिरवायची आणि मगच आत जाऊन चहा घ्यायची. चहा घेताना बोलायची कमी. भांडगावातल्या पोरी तिला मागून 'सीआयडी आजी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू द्या," ती म्हणायची, "सीआयडीला पगार तरी आसतोय."

ती शोधत होती एक अख्खी वस्ती.

भांडगावच्या दक्षिणेला, हायवे सोडून टेकडीच्या अंगाला गेलं की आज वेड्या बाभळींचं रान लागतं, आणि रानाच्या मधोमध हिरव्या पाण्यानं भरलेला खोल खड्डा. या खड्ड्याच्या काठावर पूर्वी खाणवस्ती होती. रेल्वेच्या रुळांखाली अंथरायची खडी इथून निघायची. मोठ्या लाइनीपासून एक फाटा खाणीपर्यंत आत आणलेला होता, त्याला सगळे सायडिंग म्हणत. डबे भरले की इंजिन ते दौंडकडे ओढून न्यायचं. कंपनी खासगी होती आणि तिचं नाव घ्यायची कधी कुणाला गरज पडली नाही. काठावर ऑफिस होतं, वजनकाटा होता, कॅन्टीन होतं, औषधखोली होती, सुरुंगाची दारू ठेवायची जाड भिंतींची कोठडी होती, कामगारांच्या घरांच्या तीन लायनी होत्या, आणि फलाट नसलेलं, पत्र्याच्या छपराचं एवढंसं टेसन होतं. चारशे माणसं तिथं जेवत होती, भांडत होती, पोरं जन्माला घालत होती.

अठ्ठ्याऐंशी साली खाण बंद पडली. रूळ उपटून रीतसर ट्रकनं गेले. माणसं गेली. इमारती मागं राहिल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला जयसिंग राहिला. जयसिंग म्हणजे धुरपदाचा नवरा. सायडिंगवर तो रुळांचे सांधे बदलायचा. कंपनीनं त्याला एक कंदील, एक शिट्टी आणि किल्ल्यांचा जुडगा दिला आणि चौकीदार केलं.

सात वर्षांत वस्ती संपली. आधी दारं-खिडक्या गेल्या, मग पत्रे, मग वासे, मग दगड. एखादं घर पडलं तर त्याचा ढिगारा तरी राहतो. इथं ढिगाराही राहिला नाही. जोती उरली तेवढी, जीभ उपटलेल्या तोंडासारखी. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं, जयसिंगला कामावरून कमी केल्याचं. पोलीस आले नाहीत, केस झाली नाही. केस झाली असती तर बरं झालं असतं. निदान सुटला तरी असता. गावानं मात्र निकाल लावून टाकला. पत्रा एका रात्रीत जातो, दगड जात नाही. त्याला बैलगाडी लागते, चार माणसं लागतात, खेपा लागतात. आणि एवढं सगळं होताना चौकीदार झोपलेला असूच शकत नाही. जयसिंगनं खाण विकून खाल्ली.

जयसिंग गेला त्याला आता पंधरा वर्षं झाली. त्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. शेजारच्या मळ्यातला खंडू, तिच्याच वयाचा, घाटावर मोठ्यानं म्हणाला होता, "पिंडाशेजारी वजनकाट्याचा एक दगड ठिवा, लगीच शिवंल." लोक तोंडावर टॉवेल धरून हसले होते. तिचा मुलगा ज्ञानेश मुंडण केलेलं डोकं खाली घालून उभा होता.

ते हसणं धुरपदाच्या कानातून गेलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. वस्तीतली एखादी वस्तू कुणाच्या तरी घरात सापडावी, त्या माणसाचा हात धरावा आणि त्यानं गावासमोर, खंडूच्या देखत म्हणावं की हे मी नेलं, जयसिंगनं विकलं नाही. म्हणून ती भिंती चाचपायची. ऑफिसच्या पायरीसारखी पायरी तिला एका वाडीत दिसली होती, पण पायऱ्या सगळ्या सारख्याच असतात. खंडूच्या विहिरीच्या काठाचे दगड तर तिला वजनकाट्याचेच वाटायचे, पण ते दाखवून द्यायचं कसं? कॅन्टीनच्या ओट्याची शहाबादी फरशी तिनं एका लग्नघरी ओळखली होती. घरमालकीण म्हणाली, "मावशी, फरशीला काय नाव आसतंय व्हय?" खरंच होतं. दगड बोलत नाही, आणि ज्याच्या घरात आहे तो तर त्याहून बोलत नाही. हळूहळू तिला सगळंच चोरीचं वाटू लागलं. माणसं बघून ती त्यांच्या घरांचा अंदाज बांधायची. जो जास्त अदबीनं बोलेल त्याच्या घरी दोन वासे जास्त असणार.

आणि कधी कधी, भाकरी थापता थापता, हात थांबायचा. संशय घ्यायला गाव पुरलं नाही की तो घरात यायचा. जयसिंगनं खरंच विकली असेल तर? मग ती भाकरी उलटायची आणि स्वतःवरच चरफडायची.

मागच्या माघात नात समृद्धीचं लग्न ठरायला आलं. समृद्धी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती, तिथंच इनामगावचा सत्यजीत होता. दोघांनी आपापसात आधीच ठरवून टाकलं होतं. घरच्यांनी पसंत करायचा कार्यक्रम तेवढा राहिला होता. ज्ञानेशनं जीप सांगितली आणि सगळे मुलाचं घर बघायला निघाले. वाटेत ज्ञानेश आईला म्हणाला, "आई, पाया पडतो, तिथं जोत्याला हात लावू नको."

"लावत न्हाई. कंबर दुखती आता."

इनामगावात घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीची घरं मातीखाली सापडलेली आहेत. सत्यजीतच्या आजोबांनी, सर्जेरावांनी, पाहुण्यांना ते चहाबरोबरच सांगितलं. चुली सापडल्या, रांजण सापडले, कोण कुठं झोपत होतं तेसुद्धा साहेब लोकांनी सांगितलं. धुरपदा ऐकत होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली सापडतात, आणि पस्तीस वर्षांपूर्वीची तिची चूल सापडत नाही. मातीनं झाकलेलं सापडतं, माणसांनी झाकलेलं नाही.

घर नवं होतं, स्लॅबचं, टाइल्सचं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. हात धुवायला म्हणून ती मागच्या दारी गेली. मागं जुना गोठा होता आणि गोठ्याला लागून पेंडीची खोली. त्या खोलीचं दार तिनं पाहिलं.

हिरवा रंग पोपडे धरून उडालेला. दोन फळ्या सागवानी. आणि छातीच्या उंचीला, डाव्या फळीवर, खिळे मारून बसवलेला पत्र्याचा चौकोनी तुकडा.

"दार जुनं दिसतंय," ती म्हणाली. पाठीमागं सर्जेराव येऊन उभे राहिल्याचं तिला न वळताच कळलं होतं. पाहुणी म्हातारी गोठ्याकडे का वळली, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

"सागवान हाय. आता असलं मिळत न्हाई."

"कुठनं आणलं?"

"लई वर्सं झाली."

"वर्सं न्हाई इचारली, आप्पा. गाव इचारलं."

सर्जेरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्हाला काय दाराचं पडलंय? पोरगं बघा की."

"पोरगं बघितलं. पोरगं चांगलं हाय." धुरपदानं पत्र्यावर बोट ठेवलं. "ह्याच्यामागं भोक हाय, वीतभर. खालची कड घासून गुळगुळीत झालीय. कंपाउंडर आत बसायचा आन् बाटली ह्या भोकातनं बाहीर द्यायचा. काढा पत्रा. भोक न्हाई निघालं तर माझं नाव बदला."

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"ती कड ज्यांनी घासली त्यातली एक. चौकीदार जयसिंगची बायकू."

तिला वाटलं होतं, म्हातारा चपापेल, इकडंतिकडं बघेल. तसं काही झालं नाही. ते पेंडीच्या पोत्यावर निवांत टेकले, आणि तिचा संशय दुप्पट झाला.

"बसा," ते म्हणाले. "हे दार चोरीचं न्हाई. इचारून आणलंय."

"कुणाला इचारून?"

इतकी वर्षं हा प्रश्न तिनं उराशी धरला होता, आणि आता उत्तर समोर बसलेलं असताना तिला ते नको झालं. म्हातारा आता म्हणेल, तुमच्या मालकाला इचारलं. म्हणेल, एवढे एवढे दिले. मग ती कुठं बघणार होती?

"वास्तूला इचारून," सर्जेराव म्हणाले. "आमची घोडकाठची रीत हाय. सोडल्याल्या घराचं लाकूड आणायचं, तर सांच्याला त्याच्या उंबऱ्यावर नारळ ठिवायचा. हळद न्हाई, कुकू न्हाई, नुसता नारळ. दुसऱ्या दिशी दुपारी जायचं. नारळ तसाच आसला तर वास्तू नको म्हणती. गपगुमान माघारी फिरायचं. नारळ नसला तर वास्तूनं घेतला. मग आपुन न्यायचं. त्याला चोरी म्हणत न्हाईत."

"आन् त्या दिशी?"

"उंबरा मोकळा हुता. देवाशपथ."

"एखाद्या कुत्र्यानं नेला आसंल."

"कुत्रं शेंडीचा नारळ नेतंय व्हय?"

"मग माणसानं."

"त्या रानात माणूस कुठलं? तुमचा मालक लांब फाटकापाशी बसायचा. आन् तो भित्रा हुता म्हणायचे, असल्या वस्तूला हात लावायचा न्हाई." सर्जेराव हसले. "आमचंच न्हाई. नदीकडच्या कितीक गाड्या यायच्या. तिकडं भांडगावातबी ही रीत शिकले की लोक. सगळ्यांना वास्तूनं दिलं. लई दिलदार वास्तू हुती."

धुरपदा उठली. पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "स्थळ पसंत हाय." ज्ञानेश तिच्याकडे बघतच राहिला; आईनं एवढ्या लवकर कुठल्याही भिंतीवर विश्वास ठेवलेला त्यानं पाहिला नव्हता.

परत येताना पारगावच्या पुलावर जीप थांबली, समोरून उसाची ट्रॉली येत होती. खाली भीमेचं पाणी चमकत होतं. धुरपदाला शेळ्या दिसल्या. तिच्याच, त्या वेळच्या, तीन काळ्या आणि एक कबरी.

रोज सकाळी जयसिंगला भाकरी पोचवून ती शेळ्या वस्तीत सोडायची. लायनींमधून गवत माजलेलं होतं. एका सकाळी कॅन्टीनच्या उंबऱ्यावर नारळ दिसला. करणीचा नारळ असा नागडा नसतो, हे तिला माहीत होतं. त्याला कुंकू असतं, लिंबू असतं, टाचण्या असतात. हा नुसता नारळ. खाणीच्या कडेला म्हसोबा होता. सुरुंग लावण्याआधी माणसं त्याला नारळ द्यायची. कुणीतरी जुना कामगार नवस फेडायला आला असेल आणि म्हसोबा शोधताना दमून इथंच ठेवून गेला असेल. तिनं तो कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं. ओच्यात टाकला आणि घरी नेला.

नंतर ते सापडतच राहिले. कधी महिन्यानं, कधी आठवड्यानं. जयसिंग खोबऱ्याच्या चटणीत भाकरी बुडवता बुडवता विचारायचा, "म्हसोबाला आता एवढे नारळ कोण देतंय गं?" ती म्हणायची, "ज्याला पावतो तो." तो भित्रा होताच, उंबऱ्यावरचा म्हणाली असती तर त्यानं ताट ढकललं असतं. म्हणून ती कधी म्हणाली नाही.

आणि औषधखोलीचा नारळ तर तिला अजून हातात जाणवत होता. ज्ञानेश नऊ वर्षांचा, तापानं फणफणलेला. औषधखोली बंद होऊन दोन वर्षं झालेली, तरी पोराला पाठीवर घेऊन पाय सवयीनं तिकडंच गेले. दाराच्या भोकातून तिनं आत पाहिलं. आत नुसता अंधार. खाली बघते तर उंबऱ्यावर नारळ. तिथंच दगडावर फोडला, पाणी चमच्या-चमच्यानं पोराला पाजलं. दोन दिवसांनी ताप उतरला. तिला वाटलं, कंपनीनं जाता जाता एवढं शेवटचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खोलीला दार नव्हतं. जयसिंगला ते सांगताना तिनं शेजारच्या वाडीला शिव्या घातल्या होत्या.

कॅन्टीन, वजनकाटा, टेसन, दारूची कोठडी, लायनी. एक एक करून तिनंच होकार दिला होता.

"आजी, झोपली काय?" समृद्धीनं विचारलं.

"तुझं लगीन मोडलं तर गं?"

"कशानं मोडंल?"

"दारानं."

"दारानं कुणाचं मोडत न्हाई आजी. मोडलं तर हुंड्यानं मोडतं, आन् तो आपण देणारच न्हाई."

पुढचे तीन आठवडे धुरपदा मनाशी हिशोब करत राहिली. हिशोब सरळ होता आणि म्हणूनच अवघड. गप्प बसलं तर जयसिंग चोर राहणार. बोललं तर ज्यांच्या घरात त्या वस्तीचं काही आहे ते सगळे चोर ठरणार. त्यांच्या नारळाला वास्तूनं नव्हे, शेळ्या राखणाऱ्या बाईनं हात लावलेला. त्यात सर्जेराव आलेच. नातीच्या सासरला चोर म्हणायचं आणि वर तिला तिथं नांदायला पाठवायचं! शिवाय कोण मान्य करणार? नवऱ्याला झाकायला म्हातारीनं गोष्ट रचली म्हणतील. तिनंही तेच म्हटलं असतं.

साखरपुडा भांडगावात होता, दारापुढं मांडव घालून, सकाळी अकराला. पेढे झाले, अंगठ्या झाल्या. पुढच्या खुर्च्यांवर गावातली वडीलधारी बसली होती. त्यांना आणि इनामगावच्या पाहुण्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. खंडूनं नवी टोपी जुन्या टोपीवरच घातली आणि सर्जेरावांकडे वळला. त्याला मांडव हसवल्याशिवाय जेवण जात नसे.

"पावणं, पोरगी लाखात एक नेताय. फकस्त घराची दारं मोजून ठिवा. आज्याचा हात लई लांब हुता."

मांडव हसला. घाटावर हसला होता तसाच. ज्ञानेशनं मान खाली घातली, तशीच.

धुरपदा बायकांच्यातून उठली आणि पुरुषांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "दारं मोजायची तर आत्ता मोजू," ती म्हणाली. "खंडूभावजी, तुमच्या विहिरीच्या काठाला वजनकाट्याचे दगड हायत का न्हाई?"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. तुमच्या वडलांनी उंबऱ्यावर नारळ ठिवला. दुसऱ्या दिशी नारळ न्हवता. त्यांनी दगड नेले."

खंडूचं हसू अर्धवट राहिलं. "आबांनी... ते रीतीनंच नेलं. वास्तूनं दिलं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. मांडवात खुर्च्या करकरल्या.

"वास्तूनं न्हाई. मी दिलं," धुरपदा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी ठिवल्याले नारळ मी उचलले. म्हसोबाचे समजून. मालकाला म्हाईत न्हाई. त्यांनी चटणी खाल्ली तेवढी. विकलं काय न्हाई त्यांनी. राखायचं म्हणून बसले हुते, आन् मागनं मी वाटून टाकलं."

आता हसणारं कुणी नव्हतं. कोपऱ्यातून एक जण घाईघाईनं म्हणाला, "म्हंजी वयनी, वास्तूनं तुमच्या हातानं घेतला म्हणा की." "व्हय, व्हय," दुसरा म्हणाला. "वास्तूला कुठं हात आस्त्यात?" बघता बघता ते सगळ्यांना पटलं. माना डोलू लागल्या. खंडूही डोलवू लागला. धुरपदा त्या मानांकडे बघत होती. एवढ्या लवकर माणसं एकमेकांना माफ करत नाहीत. ही माणसं स्वतःलाच माफ करत होती, आणि त्यात जयसिंगचं नाव पुन्हा कुठंच नव्हतं.

"हात माझाच हुता," ती म्हणाली. "पोराला ताप आला हुता. वास्तूला ताप येत न्हाई."

सर्जेराव इतका वेळ मांडीवरच्या नारळाकडे बघत बसले होते. ते उठले. सत्यजीतनं आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. मांडवातून सावकाश चालत ते धुरपदाच्या घराच्या पायरीपाशी आले, वाकले आणि नारळ उंबऱ्यावर ठेवला. मग तिथंच, तिच्याकडे तोंड करून, उभे राहिले.

धुरपदा जागची हलली नाही.

"उचला," सर्जेराव म्हणाले.

"आधी नाव घ्या."

आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. समृद्धी अंगठी घातलेलं बोट मुठीत धरून उभी होती.

"जयसिंग चौकीदारानं दार इकलं न्हाई," सर्जेराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचला, आणि तिथं खंडू बसला होता. "दार म्या नेलं. ज्याला इचारायचं त्याला न इचारता नेलं. तो फाटकापाशी जागा हुता."

खंडूनं वरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

धुरपदा पायरीपाशी आली. कंबर धरून वाकली, नारळ उचलला आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवून पाहिला. सगळा मांडव गप्प होता, म्हणून तिला नीट ऐकू आलं. पाणी होतं.

"पानं वाढा गं," ती आत तोंड करून म्हणाली.